आपल्या संगणकतज्ज्ञांचे वार्तापत्र निघाले पाहिजे

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला वसतिगृहाच्या जुन्या आठवणी लिहिण्याची सूचना केली होती. आठवणी लिहिणारी लेखणी इतरांची अधिक समर्थ आहे, म्हणून तो विषय मी त्यांच्याकडे सोपवतो. गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एक प्रस्ताव पुढे आला, त्यावर जेवणाच्या पंगतीत बराच वाद झाला आणि नंतर तो तसाच विरून गेला. त्या प्रस्तावाच्या बाजूने चार शब्द लिहिणे मला आज अधिक अगत्याचे वाटते. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे आणि परदेशात संगणक व डेटाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्या क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी मराठीतून एक नियमित वार्तापत्र काढावे, असा तो प्रस्ताव होता. मी इतिहासाचा शिक्षक आहे. संगणकाचे माझे ज्ञान निकालपत्रक भरण्यापुरते. परंतु माणसे विखुरलेली असताना त्यांचा व्यवसाय कसा उभा राहतो आणि छापलेला कागद त्यांना कसा एकत्र आणतो, हा इतिहासाचा विषय आहे. त्यामुळे या चर्चेत बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

एका अक्षराची किंमत

सुरुवात एका प्रसंगाने करतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातून दहावी झालेली एक मुलगी अकरावीत गेली आणि तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. अर्ज महिनोन् महिने अडकून राहिला. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘नाव जुळत नाही.’ तिचे आडनाव गायकवाड. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ होता आणि आधार कार्डावर ‘व्ही’. मराठीत दोन्हींचा उच्चार एकच, लेखन एकच, माणूसही एकच. यंत्राच्या लेखी मात्र त्या दोन मुली होत्या. तिचे वडील शेतमजूर. कार्यालयाच्या प्रत्येक खेपेला त्यांचा एक दिवसाचा रोज बुडत होता. अखेर आधारवरील नाव दुरुस्त झाले, पैसे आले; पण तोवर फीसाठी उसनवारी झाली होती.

त्या काळात मी पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. ती एका कंपनीत ग्राहकांच्या नोंदी तपासून जुळवण्याचे काम करते. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे हा रोजचाच प्रश्न आहे. मराठी आडनावांची स्पेलिंग किती तऱ्हांनी लिहिली जातात, याची यादीच आम्ही करून ठेवली आहे.” पुढे मेळाव्यात उलगडा झाला, की तिच्या दोन वर्षे आधी शाळेतून बाहेर पडलेल्या आणि आज हैदराबादला असलेल्या एका मुलाने हेच काम वर्षभर अगोदर केले होते. दोघांनी एकाच भोजनगृहात एकाच रांगेत ताट धरले होते. परंतु एकाच्या श्रमाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. तिने तीन महिने खर्चून जे केले, त्यातील निम्मे आधीच झालेले होते. आणि ज्या शेतमजुराच्या मुलीला त्याचा खरा उपयोग होता, तिच्यापर्यंत या दोघांपैकी कोणाचेच काम पोहोचले नव्हते.

या प्रश्नाचा मी माझ्या पद्धतीने, म्हणजे इतिहासाच्या अंगाने, शोध घेतला. उच्चारावरून नावे जुळवण्याची ‘साउंडेक्स’ नावाची एक पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी शोधली आणि १९१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा झाल्यावर वृद्धांना वयाचा पुरावा देण्याची गरज पडली. तेव्हा जुन्या जनगणनेतील नावे शोधता यावीत म्हणून १८८०, १९०० आणि १९२० च्या नोंदींची सूची याच पद्धतीने तयार करण्यात आली. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना उच्चारगटाप्रमाणे अंक द्यायचे आणि एकूण तीन अंक घ्यायचे, अशी ती साधी युक्ती. पण ती इंग्रजी नावांसाठी बेतलेली. तिच्यात ‘व्ही’ला १ हा अंक मिळतो आणि ‘डब्ल्यू’ गाळला जातो. म्हणून गायकवाड हे नाव एका स्पेलिंगने ‘जी २३०’ होते, तर दुसऱ्या स्पेलिंगने ‘जी २१३’. ज्या पद्धतीने गोंधळ मिटायचा, तीच आपल्या नावांच्या बाबतीत तो कायम ठेवते. ही गोष्ट मला कोणत्याही मराठी पुस्तकात वाचायला मिळाली नाही. त्या मुलीने फोनवर समजावून सांगितली आणि मी कागदावर अंक मांडून पडताळून पाहिली. अशा किती गोष्टी आपल्या मुलांच्या डोक्यात असतील आणि नोकरी बदलताच विसरल्या जात असतील!

हा प्रश्न एका मुलीच्या अर्जापुरता मर्यादित नाही. १९३१ च्या जनगणनेत देशातील जातींची संख्या ४,१४७ नोंदली गेली होती. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत मात्र ४६ लाखांहून अधिक नावे आली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. जाती काही ऐंशी वर्षांत हजारपटीने वाढल्या नाहीत. एकाच जातीचे नाव गणकांनी वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिले, कोठे पोटजात लिहिली, कोठे आडनाव. आणि ही आकडेवारी सदोष आहे म्हणून वापरता येत नाही, अशी भूमिका घेण्यात आली. आता पुढील जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला आहे. ज्यांच्या वाट्याच्या योजना, जागा आणि निधी या मोजणीवर अवलंबून आहेत, त्यांच्या मुलांना ही मोजणी कशी होते आणि कोठे चुकते हे कळणे हा चैनीचा विषय नव्हे.

पन्नास जणांना पाठवलेले पत्र

‘वार्तापत्राने काय होणार?’ असा प्रश्न मेळाव्यात विचारला गेला. त्याचे उत्तर याच क्षेत्राच्या अलीकडच्या इतिहासात आहे. ग्रेगरी पियातेत्स्की-शापिरो हे अमेरिकेतील जीटीई लॅबोरेटरीज या संस्थेत संशोधक होते. साठवलेल्या प्रचंड माहितीतून उपयुक्त ज्ञान कसे काढावे, या विषयावर त्यांनी १९८९ मध्ये डेट्रॉइट येथे एक कार्यशाळा भरवली. तेव्हा हा विषय कोणत्याही एका विद्याशाखेचा नव्हता. संख्याशास्त्राचे लोक एका बाजूला, संगणकाचे दुसऱ्या बाजूला. १९९३ च्या कार्यशाळेनंतर त्यांनी सुमारे ५० जणांना ई-मेलने एक वार्तापत्र पाठवायला सुरुवात केली. त्यात काय असे? कोणती परिषद कोठे भरणार, कोणते नवे साधन निघाले, सरावासाठी डेटा कोठे मिळेल, कोठे नोकरी आहे, अशी रोजच्या उपयोगाची माहिती. पण दोन वर्षांत, १९९५ मध्ये, माँट्रियलला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ‘केडीनगेट्स’ या नावाने ते वार्तापत्र पुढे जगभरच्या डेटातज्ज्ञांच्या वाचनात आले. आज ज्याला ‘डेटा सायन्स’ म्हणतात, त्या व्यवसायाला आपण एक व्यवसाय आहोत ही जाणीव येण्यात अशा साध्या पत्रकांचा वाटा मोठा आहे.

आपल्या देशातील उदाहरणही आहे. १९१५ मध्ये केंब्रिजहून मायदेशी परतताना प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे खंड सोबत घेतले आणि बोटीवर वाचून काढले. ते शिकलेले भौतिकशास्त्र. पण त्या वाचनाने त्यांची दिशा बदलली. १९३१ मध्ये त्यांनी कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये ‘संख्या’ हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. केंद्रापासून दूर असलेल्या एका जिज्ञासू वाचकाच्या हातात योग्य अंक पडला की काय घडू शकते, याचा हा दाखला आहे. आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात असा अंक येऊन पडावा आणि नववीतल्या एखाद्या मुलीने तो उघडावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

चुका सांगण्याचे धैर्य

माझ्या मते अशा वार्तापत्राचा सर्वांत मौल्यवान भाग यशाच्या बातम्यांचा नसून चुकांच्या प्रामाणिक वृत्तान्तांचा असावा. त्याचे कारण एका दुःखद घटनेत सापडते. ‘थेराक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणे दिली. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात अपघात झाला, तेव्हा इतरत्र असे काही घडल्याची आम्हाला माहिती नाही, असे उत्पादकाकडून सांगण्यात आले. वास्तविक कॅनडात त्याआधीच तसा अपघात झालेला होता. प्रत्येक रुग्णालय आपल्या जागी एकटे होते. शेवटी टायलरच्याच रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी कर्मचारी यांनी तीच कृती पुन्हा पुन्हा करून पाहिली आणि त्यांना दोष सापडला. चुकून टाईप झालेले अक्षर ठरावीक सेकंदांच्या आत झपाट्याने दुरुस्त केले की यंत्र फसत होते. कामात हात बसलेल्या माणसाकडूनच ही चूक घडणार, नवख्याकडून नव्हे! पुढे ही यंत्रे वापरणाऱ्यांनी आपला गट केला आणि ते एकमेकांना माहिती देऊ लागले. हे आधी झाले असते, तर काही जीव वाचले असते.

आपली मुले किरणोपचाराची यंत्रे चालवत नसतील. पण कर्जाचा अर्ज, नोकरीचा अर्ज, रेशनची यादी यांवर निर्णय देणाऱ्या यंत्रणा तीच बांधत आहेत. अ‍ॅमेझॉन कंपनीने उमेदवारांचे अर्ज तपासण्यासाठी केलेली एक प्रायोगिक प्रणाली स्त्रियांचे अर्ज मागे टाकत होती, हे २०१८ मध्ये जगासमोर आले. मागील वर्षांत निवडलेले बहुसंख्य पुरुष होते. यंत्राने त्या भूतकाळालाच गुणवत्ता समजून घेतले. आपल्याकडे त्याच यंत्राला आडनाव, वस्तीचा पत्ता, शाळेचे नाव दिले तर ते काय शिकेल, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. परंतु ते थांबवायचे कसे, हे सांगायला मात्र तज्ज्ञ लागतो. तो तज्ज्ञ आज आपल्या घरात आहे. तो कोणाशी बोलतो, हा प्रश्न आहे.

आक्षेप आणि उत्तरे

मेळाव्यात घेतलेल्या आक्षेपांचा मी आदरपूर्वक विचार केला आहे.

पहिला आक्षेप असा, की सर्व काही मोबाईलवर मिळते, व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहेच, मग आणखी वार्तापत्र कशाला? त्या गटात मीही आहे. सकाळी कोणी उपयुक्त माहिती टाकतो, दुपारपर्यंत ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते आणि महिन्याने शोधू गेल्यास सापडत नाही. वार्तापत्राला संपादक असतो. काय घ्यावे आणि काय गाळावे, हे तो ठरवतो, मजकूर तपासतो आणि चूक झाल्यास पुढील अंकात दुरुस्ती छापतो. ही जबाबदारी गटावर कोणाचीच नसते.

दुसरा आक्षेप भाषेचा. या क्षेत्राची भाषा इंग्रजी, मग मराठीत कशाला? कामाची भाषा इंग्रजी राहील, तिला माझा विरोध नाही; बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ इंग्रजीतच लिहिला. पण समाजाशी बोलायला त्यांनी मराठी पत्रेच काढली. जे आपल्या आईवडिलांच्या भाषेत सांगता येत नाही, ते आपल्याला पुरते कळले आहे का, हेही एकदा तपासून पाहावे. ‘सर्व्हर’, ‘डेटा’, ‘अल्गोरिदम’ हे शब्द खुशाल तसेच वापरावेत. वाक्य मराठी असले म्हणजे पुरे.

तिसरा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. नोकरीतील गोष्टी बाहेर सांगता येत नाहीत. कंपनीशी करार असतो आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानेही काही बंधने घातली आहेत. म्हणून नियम स्पष्ट असावा. कोणत्याही मालकाचे गुपित आणि कोणत्याही व्यक्तीची खासगी माहिती छापायची नाही. पद्धत सांगावी, प्रकरण नव्हे. आडनावे कशी जुळवावीत हे सांगण्यासाठी कोणा ग्राहकाचे आडनाव उघड करावे लागत नाही.

चौथा आक्षेप काहीशा हळू आवाजात घेतला गेला. ‘आपण वेगळे पत्र काढले तर कार्यालयात आपली जात उघडी पडेल.’ ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. ज्यांनी ती भोगली आहे, त्यांनाच तिचे वजन ठाऊक. म्हणून हे वार्तापत्र व्यवसायाचे असावे, कोणत्याही एका समाजाचे म्हणून त्याची सभासद यादी नसावी. ते सर्वांसाठी खुले असावे, लेखकाने इच्छेनुसार नाव द्यावे किंवा न द्यावे. मात्र त्यात कोणते प्रश्न विचारायचे, हे आपल्या अनुभवाने ठरावे. एवढे पुरेसे आहे.

पूर्वसुरींचा धडा

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब त्याच वर्षी पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पाठीमागे पत्राची घडी विसकटत गेली. १९२३ पर्यंत ते बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे बहुतेक रकाने स्वतः बाबासाहेबांनाच लिहावे लागत आणि वर्गणीदारांची उणीव कायम असे. १९२९ मध्ये तेही थांबले. बुद्धिमत्ता कमी नव्हती, ध्येय कमी नव्हते. लिहिणारे हात आणि नियमाने वर्गणी देणारे हात कमी होते. आपण या पत्रांच्या शताब्द्या थाटाने साजऱ्या करतो. पण त्या काळी जी कमतरता होती, ती भरून काढण्याचे काम आपण केले आहे का, असा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आणि खाली मान घालतो.

म्हणून माझी सूचना लहान आहे. वार्तापत्र दर दोन महिन्यांनी काढावे. मासिकाचा उत्साह तिसऱ्या अंकाला संपतो, हे आपण हस्तलिखितांच्या बाबतीत पाहिले आहे. संपादक एक नसावा, पाच जणांचे मंडळ असावे, त्यात निदान दोन स्त्रिया असाव्यात आणि दर दोन वर्षांनी मंडळ बदलावे. अंक आठ पानांचा असावा. त्यात एक लेख कामातून शिकलेल्या पद्धतीचा, एक प्रामाणिक वृत्तान्त फसलेल्या कामाचा, एक पान नोकऱ्या व अभ्यासक्रमांचे आणि एक पान प्रश्नोत्तरांचे असावे. प्रश्न पालकांनीही विचारावेत. अर्ज का अडकला, नाव का जुळत नाही, यादीतून नाव का गेले, हे त्यांना विचारता यावे आणि उत्तर ज्याला खरोखर कळते त्याने द्यावे. खासगी शिकवण्यांच्या जाहिराती घेऊ नयेत. त्या घेतल्या की सल्ला आणि विक्री यांतला भेद राहत नाही. अंक ई-मेलने जावा. पण शंभरेक प्रती छापून त्या आपल्या आणि आसपासच्या वसतिगृहांच्या ग्रंथालयांत ठेवाव्यात. वर्गणी अल्प असावी, परंतु ती असावी. फुकट मिळालेला अंक न वाचता बाजूला पडतो.

पहिल्या अंकाचा पहिला लेख कोणी लिहायचा, हे मी मनाशी ठरवून टाकले आहे. पुण्याच्या त्या मुलीने आणि हैदराबादच्या त्या मुलाने मिळून मराठी आडनावांच्या स्पेलिंगवर लिहावे. दोघांनाही मी फोन केला. मुलगा म्हणाला, “सर, मराठीत लिहायची सवय मोडली आहे, चुका होतील.” मी म्हटले, “सातवीपासून तुझे शुद्धलेखन मीच तपासत आलो आहे, आणखी एकदा तपासेन.” निवृत्तीला मला अजून काही वर्षे आहेत. तोपर्यंत मुद्रिते वाचण्याचे काम माझ्याकडे राहू द्यावे. लिहिण्याचे काम आता तुमचे आहे.

जयभीम!